मीही त्याच घरातली, मग तोच का कोसळला?

वाचकाचं पत्र

एका ४१ वर्षांच्या बाईंचं चार पानी पत्र आलंय. नाव नाही, सही फक्त 'थोरली'. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

त्यांचा ३३ वर्षांचा धाकटा भाऊ आठ महिन्यांपासून त्यांच्याकडे राहतो. तो ज्या कंपनीत होता ती बंद पडली. पहिले दोन महिने त्याने अर्ज केले, मुलाखती दिल्या, मग सगळं थांबलं. आता तो रात्रभर जागा असतो आणि दुपारपर्यंत अंथरुणात. जेवायला बोलावलं तर येतो, नाही बोलावलं तर येत नाही. काही विचारलं की "डोकं थांबतच नाही" एवढंच म्हणतो, फार विचारलं तर अंगावर येतो. कामावर घालायचे त्याचे बूट दाराशी जसे ठेवले होते तसेच आहेत, त्यांच्यावर धूळ साचलीय. लहानपणी घरात पैशाची कायम ओढाताण, वडील तापट, हात उगारणारे. "मीही त्याच घरात वाढले. मीही मार खाल्ला. २१ व्या वर्षी बाहेर पडले, राबले, उभी राहिले. मला कुणी समजून घेतलं नव्हतं. मग त्यालाच एवढं काय झालंय?" यजमानांचं म्हणणं, महिनाअखेरची मुदत द्या, घराबाहेर पडला की आपोआप शुद्धीवर येईल. आई रोज फोनवर रडते, त्याला काही बोलू नकोस म्हणते. बाई विचारतात, कडक व्हावं की सांभाळून घ्यावं?

उत्तर

थोरल्या बाई,

आधी मुदतीचं बोलू, कारण महिनाअखेर जवळ आलीय. या महिन्यात त्याला घराबाहेर काढू नका. पण 'राहू दे जसा आहे तसा' असंही मी म्हणणार नाहीये. या दोन्हींच्या मध्ये बरीच जागा आहे. तिथे पोचायला मात्र तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी थोडं थांबावं लागेल.

"मीही त्याच घरात वाढले." चार पानांत हे वाक्य तीनदा आलंय. रागाने आलंय आणि तो राग मला समजतो. पण ते खरं आहे का, हे तुमच्याच पत्रातल्या आकड्यांवरून ताडून पाहू. तुमच्यात आणि भावात आठ वर्षांचं अंतर आहे. तुम्ही २१ व्या वर्षी घर सोडलंत तेव्हा तो १३ वर्षांचा होता. म्हणजे तुम्ही लहान असताना त्या घरात आठ वर्षं तुम्ही एकट्या होतात आणि पुढे दोघं होतात. तुम्ही गेल्यावर तो ऐन वाढीच्या वयात वडिलांसमोर एकटा उरला. पत्ता एकच होता, पण वडिलांचं वय, त्यांचं पिणं, घरातली कर्जं, आईची तब्येत, यांतलं काय काय तेव्हा बदललेलं होतं ते तुम्हाला ठाऊक नसणार, कारण तुम्ही तिथे नव्हतात. (तुम्ही बाहेर पडलात यात तुमची काडीचीही चूक नाही. मी हिशोब मांडतेय, आरोप करत नाहीये.)

दुसरं. "मला कुणी समजून घेतलं नव्हतं" असं तुम्ही लिहिता. पण दुसऱ्या पानावर दर सुट्टीत महिनाभर घेऊन जाणारी मावशी आहे, आणि तिसऱ्या पानावर शाळा सुटल्यावर वाचनालयाची किल्ली तुमच्या हातात देणाऱ्या बाई आहेत. त्यांनी तुम्हाला बसवून 'काय होतंय तुला' असं विचारलं नसेल, मान्य. पण एकीने वर्षातला एक महिना तुम्हाला मारापासून दूर ठेवलं, आणि दुसरीने रोजचा तासभर. तुमच्या पत्रात भावाच्या वाटची मावशी कुठे सापडते का, म्हणून मी शोधलं. सापडली नाही.

हे मी एवढं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलं चाळिशीत येईपर्यंत पाठपुरावा केला. त्यांतली साधारण एकतृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार, अशा अडचणी एकावर एक रचलेल्या घरांत वाढत होती. त्या अडचणीतल्या मुलांपैकीही सुमारे एकतृतीयांश नीट वाढली. का, हे शोधताना काही गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या. मुलाचा उपजत स्वभाव ही एक. आणि दुसरी, आईवडील नसले तरी चालेल, पण भरवशाचं असं निदान एक मोठं माणूस. कुठे आजी, कुठे शेजारीण, कुठे शिक्षक. त्या मुलांच्या अंगात धमक नव्हती असं नाही. पण त्या धमकेला टेकायला कुणीतरी मिळालेलं होतं.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि तुमच्या भावासाठी तीच मोलाची आहे. ज्या मुलांचं किशोरवयात बिनसलं होतं, त्यांतली बरीचशी तिशी-चाळिशीपर्यंत सावरली. कुणाला पुन्हा शिकायची संधी मिळाली, कुणाला चांगला जोडीदार, कुणाला माणसांचा गोतावळा. तेराव्या वर्षी न भेटलेली मावशी तेहतिसाव्या वर्षी भेटली तरी उपयोग होतो.

आता नोकरीकडे येऊ. 'काम गेलं म्हणजे पगार गेला' असं आपण धरून चालतो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनताल नावाचं गाव आहे. तिथली एकमेव गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन अभ्यास केला. त्यांनी काय काय मोजलं पाहा. गावाच्या मुख्य रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात, हे त्यांनी आडून घड्याळ लावून पाहिलं. पुरुष रेंगाळत, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बहुतेकांच्या हाताला किंवा खिशाला घड्याळच उरलं नव्हतं. वाचनालयाची वर्गणी माफ केली होती आणि वेळ तर भरपूर होता, तरी दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळपास निम्म्यावर आली. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर पुरुषांना सांगण्यासारखं दोन-तीन गोष्टींपलीकडे काही आठवेना. बायका मात्र त्याच रस्त्यावरून झपाझप जात. गिरणीतलं कामही गेलं होतं आणि पगारही, पण चूल, धुणं, मुलं यांनी त्यांच्या दिवसाला दोरी बांधलेली होती.

पुढे याहोदांनी मांडलं ते असं: नोकरी पगाराखेरीज दिवसाला आखणी देते, घराबाहेरची माणसं देते, आपल्यापेक्षा मोठ्या कामात वाटा देते, चारचौघांत ओळख देते आणि हातापायांना चाळा देते. तुमच्या भावाची एका दिवसात ही पाचही गेली. २१ व्या वर्षी तुमच्याकडे काय नव्हतं याची यादी तुम्ही लिहिलीत. काम मात्र होतं. सकाळी उठून कुठेतरी पोचायचं होतं. तेव्हा ती शिक्षा वाटली असेल, पण तोच तुमचा टेकू होता, असं मला वाटतं.

आणखी एक बारीकसं. तो रडत नाही, चिडतो. तुम्हाला तो उर्मटपणा वाटतो. जगभरात नैराश्याचं निदान बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दीडपट होतं, पण आत्महत्येने मरणाऱ्यांत पुरुष बायकांच्या दुपटीहून जास्त असतात. ही तफावत कशी, याचं एकच एक उत्तर नाही. पण पुष्कळ पुरुषांचं दुःख रागाच्या, दारूच्या किंवा गप्प बसण्याच्या वेषात येतं, म्हणून घरच्यांना ते दुःख म्हणून ओळखूच येत नाही. मदत मागायलाही ते उशीर करतात. 'डोकं थांबतच नाही' हे त्याचं वाक्य मी फार महत्त्वाचं मानते. झिंबाब्वेच्या शोना भाषेत नैराश्यासाठी सर्रास वापरला जाणारा शब्द आहे 'कुफुंगिसिसा', अर्थ 'अति विचार करणं'. 'मी उदास आहे' असं फार थोडी माणसं म्हणतात. कुणाचं डोकं थांबत नाही, कुणाच्या छातीवर दगड असतो, कुणाचं नुसतंच अंग दुखतं.

हे सगळं वाचून 'म्हणजे सगळा दोष परिस्थितीचा, त्याची जबाबदारी शून्य' असं तुमच्या यजमानांना वाटेल. तसंही नाही. उपजत ठेवण, घराण्यातला आजार, शरीरातले बिघाड यांचाही वाटा असतो आणि माणूस स्वतः काय करतो याचाही. मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला डिप्रेशन आहे असं इथे बसून म्हणणार नाही. पण मन कशातच न लागणं, झोप उलटीपालटी होणं, भूक जाणं, माणसं टाळणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं की डॉक्टरांना दाखवावं, असा साधारण निकष आहे. तुमच्याकडे ते सहा महिने चाललंय.

आता मुदत. मुदतीला माझा सरसकट विरोध नाही. पण मुदत त्याच गोष्टीची घालावी जी समोरच्याच्या हातात आहे. 'महिनाअखेरपर्यंत नोकरी' ही त्याच्या हातात नाही, ती देणाऱ्याच्या हातात आहे. 'येत्या शनिवारपर्यंत डॉक्टरकडे' ही मात्र आहे. आणि घराबाहेर काढल्याने माणूस शुद्धीवर येतो, हे मी बोलण्यात पुष्कळ ऐकलंय. प्रत्यक्षात जो आधीच माणसांपासून तुटलाय त्याचं शेवटचं माणूसही तोडायचं, यात धोका फार आहे. आईचा मार्ग दिसायला मऊ आहे, पण काहीच न बोलणं म्हणजे त्याला त्या खोलीत एकटं सोडणंच. तिसरा मार्ग असा, की घर राहील पण घरात राहण्याबरोबर दोन-तीन गोष्टी ठरतील, आणि त्यांतली एकही 'नोकरी' नसेल.

पहिली गोष्ट डॉक्टरांची. थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे चल म्हटलं तर तो बिथरेल असं तुम्हाला वाटतं. मग नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा, झोप बिघडल्याचं निमित्त पुरेसं आहे. थायरॉइडचं प्रमाण कमी असलं किंवा ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी माणूस असाच गळून जातो, त्यामुळे त्या तपासण्या होऊ द्या. गरज पडली तर ते डॉक्टरच पुढे पाठवतील. गोळ्या सुरू झाल्या तर एक लक्षात ठेवा, नैराश्यावरची औषधं दोन दिवसांत लागू पडत नाहीत, काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती एकदम स्वतःहून बंद करायची नसतात. बोलण्यातून होणारे उपचार, म्हणजे समुपदेशन किंवा मानसोपचार, यांचाही चांगला उपयोग होतो. एक गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते: डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ पासून झिंबाब्वेतल्या हरारे शहरात थोडंफार शिकवून तयार केलेल्या आज्यांना दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. लोक येऊन बोलायचे, आजी त्यांच्याबरोबर एकेक अडचण सोडवायला घ्यायच्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर त्या बाकावर बसलेल्यांची लक्षणं नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी दिसली. मोठी पदवी असलेलं माणूस जवळपास नसेल तर काहीच होऊ शकत नाही असं समजू नका.

दुसरी गोष्ट तुम्हाला जड जाईल. त्याला एकांतात, साध्या शब्दांत विचारा: "जगू नये असं तुझ्या मनात येतं का?" हे विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल ही भीती बहुतेकांना असते. तसं होत नाही, उलट मोकळं झाल्यासारखं वाटतं. 'हो' म्हणाला तर घाबरून उपदेश सुरू करू नका. "कधीपासून? काही ठरवलंयस का?" एवढंच पुढे विचारा. काही ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, इजा करता येईल अशा वस्तू आणि औषधं त्याच्या हाताशी ठेवायची नाहीत आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तुम्ही राहता तिथली मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा, मग लागो न लागो.

तिसरी गोष्ट दिवसाच्या आखणीची. मारिएनतालच्या बायकांना जी दोरी होती ती त्याच्या दिवसाला बांधायची, पण घरगडी केल्यासारखी नव्हे. ठरलेल्या वेळी होणारं, न केल्यास कुणाचं तरी अडेल असं एकच काम द्या. पहिल्या आठवड्यात फक्त ठरावीक वेळी उठून तुमच्याबरोबर पंधरा मिनिटं चालणं, एवढंच असलं तरी चालेल. 'मूड लागला की करेन' याची वाट पाहायची नाही. या अवस्थेत आधी हालचाल होते, मन मागून येतं. आणि बूट तुम्ही पुसू नका. मला ठाऊक आहे, हात शिवशिवत असतील.

पैशाबद्दल: दर वेळी मागायला लागू नये म्हणून ठरलेली छोटी रक्कम महिन्याच्या सुरुवातीला द्या, आणि मग हिशोब विचारू नका. यजमानांना सांगा की मुदत रद्द झाली नाही, तिचा विषय बदलला. आईला रोजच्या रडण्याऐवजी एक काम द्या: त्याला रोज फोन करून नोकरीशिवाय दुसरं काहीही बोलायचं.

आणि "माझंही तेच झालं होतं" हे वाक्य काही महिने तोंडातून काढू नका. ते आपण धीर द्यायला म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते 'तू माझ्याहून कमी' असं ऐकू येतं. या सदराच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही 'इच्छाशक्ती' हा शब्द उदारपणे वाटत असे. त्यावर एका वाचकाने एका ओळीचं पत्र पाठवलं, "ती असती तर तुम्हाला पत्र लिहिलं नसतं". तेव्हापासून हात आखडता घेतलाय.

हे 'मीही' फक्त तुमच्याच घरात नाही. "आम्हीही मुलं वाढवली" असं नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेला सांगितलं जातं. बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सासूबाईंच्या वेळी घरात आणखी चार हात असतील, सुनेकडे कदाचित रात्री मूल धरायला दुसरं कुणीच नाही. परक्या देशात शिकायला गेलेल्या मुलाला "आम्हीही घर सोडून शिकलो" म्हणणाऱ्या वडिलांना रस्त्यावरची भाषा तरी आपली होती. निवृत्तीनंतर मजेत असलेला मित्र घरी बसून सुकत चाललेल्या मित्राला हसतो तेव्हा स्वतःचे दोन छंद आणि रोजचा कट्टा तो हिशोबात धरत नाही. तुमच्याही घरी असं 'मीही' बोललं जात असेल, तर बोलणाऱ्याने आधी कागदावर लिहावं: तेव्हा माझ्याजवळ कोण होतं, आणि आज याच्याजवळ कोण आहे?

शेवटी तुमचं. चौथ्या पानाच्या तळाशी, जागा संपत आल्यावर बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय की रोज पहाटे चारला जाग येते आणि डोकं ठणकतं, "पण ते माझं नेहमीचं". कधीपासूनचं नेहमीचं? भावाला नेणार त्याच डॉक्टरांना तेही सांगा. १९७०च्या दशकात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनमधल्या बायकांचा अभ्यास केला. मोठा आघात झाल्यावरही जिला मनातलं सांगायला अगदी जवळचं माणूस होतं, तिला नैराश्य येण्याची शक्यता बरीच कमी दिसली. चार पानांत तुम्ही कुणाकुणाचं ऐकता ते कळलं: आईचं, यजमानांचं, भावाच्या न बोलण्याचंसुद्धा. तुमचं कोण ऐकतं ते कुठे दिसलं नाही. म्हणून विचारते, मावशी आहेत का अजून? असतील तर या आठवड्यात त्यांना फोन करा. भावाचा विषय मात्र काढू नका.